आयन चॅनेलची रचना आणि हालचाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना जैवभौतिकी शिकवते. त्याआधीची काही वर्षं आयन चॅनेलवरच्या संशोधनात गेली. त्यामुळे विद्यार्थी, त्यांचे आईवडील, ओळखीचे डॉक्टर आणि कधी कधी अगदी अनोळखी माणसंही याच विषयावरचे तेच ते प्रश्न पाठवत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग वाकडे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आयन चॅनेल म्हणजे नेमकं काय? बारावीच्या पुस्तकात दोनच ओळी आहेत.

पेशीभोवतीचं पटल मेदाचं असतं. त्याचा तेलकट गाभा जेमतेम ३० अँगस्ट्रॉम जाडीचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), पण सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड अशा भारित कणांना, म्हणजे आयनांना, पाणी सोडून त्या तेलात शिरणं ऊर्जेच्या हिशेबात परवडत नाही. चॅनेल हे या पटलात आरपार बसलेलं प्रथिन. त्याच्या मधोमध एक छिद्र असतं आणि ते उघडतं, मिटतं. उघडलं की आयन आपल्या उताराच्या दिशेने वाहतात, म्हणजे संहती आणि विद्युतदाब मिळून जिकडे ढकलतील तिकडे. उताराविरुद्ध चढवायचे असतील तर पंप लागतो आणि त्याला ऊर्जा मोजावी लागते. या दोघांची हद्द कुठे पुसट होते ते प्रश्न १५ मध्ये पाहा.

२. एका चॅनेलमधून किती आयन जातात? आणि एवढंसं मोजतात तरी कसं?

उघड्या चॅनेलमधला प्रवाह साधारणपणे काही पिकोअँपिअर असतो. एक पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख एकभारी आयन. पोटॅशियमच्या जोरकस चॅनेलमधून सेकंदाला दहा कोटींच्या घरात आयन जाऊ शकतात.

मोजायची पद्धत म्हणजे पॅच क्लॅम्प. एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी ती १९७६ मध्ये दाखवली, १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काचेची बारीक नळी तापवून ओढायची, टोक एका मायक्रॉनच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाखाली ते पेशीला टेकवायचं आणि मागच्या रबरी नळीतून हवा हलकेच ओढायची. रोध काही मेगाओहमवर रेंगाळत असतो, तो अचानक गिगाओहमवर जातो आणि पडद्यावरची थरथरती रेषा शांत होते. थोड्या वेळाने त्या रेषेवर चौकोनी पायऱ्या उमटू लागतात. एक पायरी म्हणजे एक रेणू उघडला, उतरली म्हणजे मिटला. जीवशास्त्रात एकटा रेणू काम करताना इतका सरळ दिसण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

नागपुरातल्यांसाठी खास सूचना: मे महिन्यात खोलीत कूलर लावला की त्याची मोटर रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण घालते आणि पंखा टेबल हलवतो. तो बंद करा म्हटल्यावर सोबत्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, पण इलाज नाही. खोलीचं तापमानही वहीत टिपा. १० अंश वाढले की बहुतेक चॅनेलच्या उघडमिटीचा वेग दोन ते चार पट होतो, आयन वाहण्याचा वेग मात्र दीडपटीच्या आसपासच वाढतो. २२ अंशांच्या एसी खोलीतले आकडे आणि ३५ अंशांतले आकडे एकाच तक्त्यात मांडाल तर निष्कर्ष चुकणार.

३. मोठा पोटॅशियम जातो आणि त्याच्याहून लहान सोडियम अडतो, हे कसं काय?

वर्गात दरवर्षी येणारा प्रश्न, आणि येतो तेव्हा मला बरं वाटतं. पोटॅशियम आयनाची त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम, सोडियमची ०.९५. नुसतं भोक असतं तर सोडियम आधी गेला असता.

पाण्यात प्रत्येक आयनाला पाण्याचे रेणू बिलगलेले असतात. छिद्राच्या सर्वांत अरुंद भागात, म्हणजे निवडक गाळणीत, शिरायचं तर ते सोडावे लागतात आणि त्याला ऊर्जा लागते. गाळणीच्या भिंतीवर ऑक्सिजन अणूंची कडी आहेत. पोटॅशियमला हे ऑक्सिजन पाण्यातल्या ऑक्सिजनइतक्याच अंतरावर भेटतात, त्यामुळे सोडलेल्या पाण्याची भरपाई होते. सोडियम लहान. त्याच्यासाठी ते ऑक्सिजन लांब पडतात, भरपाई होत नाही, म्हणून तो पाण्यातच राहणं पसंत करतो. हजार पोटॅशियममागे एखादा सोडियमसुद्धा मुश्किलीने सुटतो. हे चित्र १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स या जिवाणूच्या केसीएसए चॅनेलची रचना ३.२ अँगस्ट्रॉमपर्यंत सोडवली तेव्हा डोळ्यांपुढे आलं. त्यासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल, पीटर अ‍ॅग्रे यांच्यासोबत. गाळणी बनवणारी पाच अमिनो आम्लं (थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन) या जिवाणूपासून तुमच्या मेंदूतल्या कित्येक पोटॅशियम चॅनेलपर्यंत तीच आहेत.

परीक्षेत एवढं लिहिलं तर पूर्ण गुण. खरं सांगायचं तर गाळणी ताठ नाही, तीही थरथरते, त्यामुळे एकटा अंतराचा हिशेब पुरत नाही. गाळणीत दोन पोटॅशियमच्या मध्ये पाण्याचा रेणू असतो की ते एकमेकांना थेट रेटतात, यावर अजून भांडण चालू आहे.

४. एवढ्या लहान वस्तूची रचना काढतात कशी?

पूर्वी एकच वाट होती: प्रथिनाचे स्फटिक करायचे आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. पटलातली प्रथिनं स्फटिक व्हायला मुळीच राजी नसतात. त्यांना पटलातून काढायला डिटर्जंट लागतो आणि डिटर्जंटमध्ये ती बिघडतात. वर्षानुवर्षं यात गेलेली माणसं मला माहीत आहेत.

आता मुख्य वाट क्रायो-ईएम, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहणं. शुद्ध केलेल्या प्रथिनाचा दोन-तीन मायक्रोलिटरचा थेंब धातूच्या बारीक जाळीवर टाकायचा, टिपकागदाने जवळजवळ सगळा टिपून घ्यायचा आणि जाळी द्रवरूप इथेनमध्ये बुडवायची. पाणी इतक्या झटक्यात गोठतं की बर्फाचे स्फटिक बनायला वेळच मिळत नाही. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने लाखो कणांच्या अंधूक प्रतिमा घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढायची. २०१३ मध्ये यिफान चेंग आणि डेव्हिड ज्युलियस यांच्या गटांनी टीआरपीव्ही१ चॅनेल (उष्णता आणि तिखट ओळखणारं, पाहा प्रश्न ९) ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत दाखवलं आणि क्षेत्राचा नूरच पालटला. आपल्याकडे बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे.

कोणत्याही पद्धतीने आलेली रचना तपासताना आजही जी. एन. रामचंद्रन यांचा १९६३ चा आलेख काढला जातो. प्रथिनाच्या साखळीतले कोन शक्य आहेत की नाहीत ते तो दाखवतो. तो तुमच्या अभ्यासक्रमात उगाच नाही.

५. रचना मिळाली म्हणजे काम झालं ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि या पानाचं निम्मं कारण तोच आहे. व्हरायटी चौकाचा एक फोटो काढला तर रस्ते किती रुंद आणि खांब कुठे हे कळेल, सिग्नल किती सेकंद हिरवा राहतो ते कळणार नाही. चॅनेलचं सगळं कामच उघडमिटीत आहे. प्रश्न ३ मधली केसीएसएची १९९८ ची रचना मिटलेल्या अवस्थेतली होती. २००२ मध्ये एमटीएचके या दुसऱ्या जिवाणू चॅनेलची उघडी रचना आली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की छिद्राला आतून अस्तर करणारी सर्पिलं (प्रथिनाच्या साखळीचे स्प्रिंगसारखे पिळलेले भाग) एका ग्लायसिनपाशी वाकतात आणि आतलं तोंड मोकळं होतं. पण हेही दोन फोटोच, तेही दोन वेगळ्या प्रथिनांचे. मधला प्रवास कुणी पाहिलेला नाही, तो आपण जोडला.

६. मग हालचाल पाहतात कशी?

एका पद्धतीने भागत नाही. व्होल्टेजवर चालणाऱ्या चॅनेलचं उदाहरण घेते, कारण तिथली गोष्ट सर्वांत रंगतदार आहे.

हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माखलीच्या जाड चेतातंतूवर काम करताना गणितावरूनच ताडलं होतं की पटलात व्होल्टेजमुळे सरकणारे काही भारित भाग असले पाहिजेत. चॅनेल हे प्रथिन आहे हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. असे भार सरकले तर त्यांचा स्वतःचा इवलासा प्रवाह दिसायला हवा. आयनांचा प्रवाह बंद करून आर्मस्ट्राँग आणि बेझानिला यांनी तो १९७३ मध्ये पकडला. पुढे जनुकं हाती आली तेव्हा कळलं की एस४ नावाच्या सर्पिलात दर तिसरं अमिनो आम्ल धनभारी आहे, बहुतेक ठिकाणी आर्जिनिन. फळमाशीच्या शेकर चॅनेलमध्ये एकदा उघडताना १२-१३ मूलभार (एक मूलभार म्हणजे एका प्रोटॉनइतका भार) पटलाच्या विद्युतक्षेत्रातून सरकतात.

किती अंतर सरकतात? इथे पेटलं. २००३ मध्ये केव्हीएपी या व्होल्टेजवर चालणाऱ्या जिवाणूसदृश जीवाच्या पोटॅशियम चॅनेलची स्फटिक रचना आली. तिच्यात एस४ पटलाच्या कडेला भलत्याच जागी लोळत होतं. त्यावरून मोठ्या हालचालीचा आराखडा मांडला गेला. ज्यांनी एस४ वर चकाकणारे रेणू चिकटवून व्होल्टेज बदलताना प्रकाशातला फरक मोजला होता, त्यांना तो पटला नाही. २००५ मध्ये केव्ही१.२ या त्याच प्रकारच्या दुसऱ्या चॅनेलची रचना आली आणि एस४ बरंचसं अपेक्षित जागी सापडलं. पटलाचा आधार गेल्यामुळे पहिल्या रचनेत प्रथिन वेडंवाकडं झालं होतं. आज पद्धतीनुसार ५ ते १५ अँगस्ट्रॉम असे आकडे निघतात. माझं मत विचाराल तर या वादाने जितकं शिकवलं तितकं कुठल्याच एकट्या रचनेने शिकवलं नाही: ज्या चित्राला विद्युतमापनाची साक्ष नाही, ते कितीही देखणं असलं तरी उसनं समजावं.

याशिवाय दोन खुणांमधलं अंतर मोजणारं फ्रेट (साधारण २० ते १०० अँगस्ट्रॉमच्या टप्प्यात चालतं), आणि चुंबकीय क्षेत्रात रेणूंचा प्रतिसाद मोजणाऱ्या ईपीआर, एनएमआर या पद्धती आहेत. क्रायो-ईएमच्या प्रतिमांतूनही वेगवेगळ्या अवस्थांचे गट वेगळे काढता येतात. अवस्था कोणत्या ते त्यातून कळतं. एकातून दुसरीत जायला किती वेळ लागतो ते पॅच क्लॅम्पलाच विचारावं लागतं.

७. संगणकावर पूर्ण हालचाल का नाही बघता येत?

येते, पण महाग पडते. मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये प्रत्येक अणूवरचं बल काढून त्याला एक पाऊल पुढे सरकवतात. पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचं (एका मायक्रोसेकंदात शंभर कोटी फेम्टोसेकंद). एक मायक्रोसेकंद पाहायचा तर ५० कोटी पावलं, आणि पटल व पाणी धरून अणू लाखाच्या पुढे. व्होल्टेज चॅनेल उघडायला तर मिलिसेकंदही लागतात. २०१२ मध्ये डी. ई. शॉ यांच्या गटाने खास बांधलेल्या अँटन यंत्रावर पोटॅशियम चॅनेलची व्होल्टेजने होणारी उघडमीट दाखवली, तीही शरीरात असतं त्याहून बरंच जास्त व्होल्टेज लावून.

८. आता प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करणारं अल्फाफोल्ड आलं. हा विषय संपला का?

संपला असता तर मी निवांत झाले असते. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा हसाबिस आणि जंपर यांना त्यासाठीच मिळाला आणि तो योग्यच आहे. पण अल्फाफोल्ड साधारणपणे एक अवस्था देतं आणि ती उघडी, मिटलेली की थकलेली (उघडून मग आपोआप बंद पडलेली) याची चिठ्ठी सोबत येत नाही. पटल नाही, व्होल्टेज नाही, आयन नाहीत. सुरुवातीचा आराखडा म्हणून घ्या. बाकी प्रश्न ५.

९. मॅडम, सावजीचा रस्सा खाल्ला की घाम का फुटते? चॅनेलचा काही संबंध आहे काय?

थेट संबंध आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन प्रश्न ४ मधल्या टीआरपीव्ही१ ला उघडतं. हेच चॅनेल सुमारे ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही उघडतं. मज्जातंतूला दोन्ही सारखेच. त्याने मेंदूला कळवलं की भाजतंय, आणि शरीर घाम काढून थंड व्हायला लागतं. हे जनुक १९९७ मध्ये ज्युलियस यांच्या गटाने शोधलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि स्पर्शाची पिएझो चॅनेल शोधणारे आर्डेम पाटापुटियन यांना मिळालं.

कॅप्सेसिन मेदात विरघळतं. रेणू पटलातून शिरतो आणि चॅनेलच्या कुशीतल्या खोबणीत डोकं खाली, शेपूट वर असा बसतो. म्हणून तर्रीवर घटाघट पाणी प्यायल्याने काही होत नाही, दही किंवा दूध बरं. भिवापुरी मिरची वाळत घातली असताना पाखरं ती मजेत टिपतात, कारण पक्ष्यांच्या टीआरपीव्ही१ ला कॅप्सेसिन जवळपास लागूच होत नाही. उष्णता मात्र त्यांनाही कळते.

१०. मग नागपुरात ४६ अंशांना हे चॅनेल दिवसभर उघडंच राहत असेल?

नाही. ४३ अंश हे चॅनेल जिथे बसलंय त्या जागेचं तापमान. हवा ४६ असली तरी घाम आणि रक्तप्रवाह यांमुळे कातडीचं तापमान बरंच खाली राहतं. उन्हात उभ्या केलेल्या स्कुटीच्या सीटवर बसा, उघडेल. शिवाय कातडी उन्हाने भाजलेली असेल तर दाहातल्या रसायनांमुळे उंबरठा खाली येतो आणि कोमट पाणीही झोंबतं.

उष्णतेने ते नेमकं कसं उघडतं हे पाहणं अवघड, कारण नमुना शेवटी गोठवायचाच असतो. २०२१ मध्ये एका गटाने कॅप्सेसिन घालून नमुना ४८ अंशांपर्यंत तापवला आणि तसाच झटक्यात गोठवून उघडण्याचे टप्पे पाहिले.

११. आमच्या मुलाला सिकलसेल आहे. यात चॅनेलचा काही भाग आहे का?

विदर्भातून हा प्रश्न येणारच. मूळ दोष हिमोग्लोबिनचा आहे, चॅनेलचा नाही. पण चॅनेल दुखण्यात भर घालतं. ऑक्सिजन कमी झाला की विळ्याच्या आकाराच्या पेशीत कॅल्शियम शिरतं. त्याने गार्डोस चॅनेल उघडतं, पोटॅशियम बाहेर जातं, मागोमाग पाणी जातं, पेशी आटते. आत हिमोग्लोबिन दाटलं की त्याच्या काड्या जास्त वेगाने बनतात.

हे चॅनेल बंद करणारं सेनिकापॉक नावाचं औषध माणसांवर तपासलं गेलं. पेशी फुटणं कमी झालं, हिमोग्लोबिन वाढलं, पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत आणि चाचणी थांबवली गेली. २०१८ मध्ये या चॅनेलची रचना आली. कॅल्शियम चॅनेलला थेट न लागता त्याला चिकटलेल्या कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनामार्फत ते उघडतं, हे त्यात अणूंच्या पातळीवर दिसतं. आज यावरून घरी करण्यासारखं वेगळं काही नाही. डॉक्टरांनी दिलेलं हायड्रॉक्सियुरिया चुकवू नका आणि उन्हाळ्यात मुलाला पाणी कमी पडू देऊ नका.

१२. ईसीजीत क्यूटी लांब आहे म्हणाले. ही चॅनेलचीच भानगड ना?

बहुधा. क्यूटी म्हणजे ईसीजीतला, हृदयाचे खालचे कप्पे उत्तेजित होऊन पूर्ववत होईपर्यंतचा काळ. हृदयाच्या पेशी प्रत्येक ठोक्यानंतर पूर्ववत होतात त्यात हर्ग नावाच्या पोटॅशियम चॅनेलचा मोठा वाटा आहे. ते जन्मतः कमजोर असतं किंवा औषधाने अडतं. त्याचं छिद्र नाना तऱ्हेच्या औषधांना आत अडकू देतं. टर्फेनाडीन हे अ‍ॅलर्जीचं औषध याच कारणाने बाजारातून गेलं, आणि आता नवं औषध आणताना हर्गची तपासणी ठरलेलीच आहे. मी डॉक्टर नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि उलट्या-जुलाब झाले तर लगेच कळवा, कारण रक्तातलं पोटॅशियम घटलं की धोका वाढतो.

१३. विंचवाच्या विषाचं काय?

लाल विंचवाच्या विषातले काही घटक सोडियम चॅनेलचा व्होल्टेज सेन्सर (प्रश्न ६ मधलं एस४ असलेला भाग) धरून ठेवतात. चॅनेल वेळेवर मिटत नाही, मज्जातंतू संदेश पाठवतच राहतात आणि शरीरात अ‍ॅड्रेनालिनचं वादळ उठतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून मृत्यू कमी करून दाखवले. ते औषध चॅनेलला हातही लावत नाही, पुढचा परिणाम थोपवतं. याच विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन मिळालं, जे बीके या पोटॅशियम चॅनेलचं तोंड बंद करतं आणि आज जगभर प्रयोगांत वापरलं जातं.

१४. नागपुरात राहून यात सुरुवात करता येईल का? कोणता विषय घ्यावा?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, बायोकेमिस्ट्री, काहीही चालेल, गणित सोडू नका. प्रोटीन डेटा बँकेतल्या सगळ्या रचना फुकट आहेत. रचना पाहण्याचं चायमेराएक्स हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, केसीएसए उघडा आणि गाळणीतले पोटॅशियम आणि भिंतीचे ऑक्सिजन यांतली अंतरं स्वतः मोजा, २.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास निघतील. मग लिनक्स शिका आणि ग्रोमॅक्स (प्रश्न ७ मधल्या मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं सॉफ्टवेअर) चालवून बघा. साध्या लॅपटॉपवर पटलासकट चॅनेल कूर्मगतीने चालेल, पण शिकायला तेवढं पुरतं. पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी जॅम, गेट, सीएसआयआर-नेट या प्रवेश परीक्षा आहेत. आयआयएससीचा रामचंद्रन यांनी उभारलेला मॉलिक्युलर बायोफिजिक्स विभाग, टीआयएफआर, पुण्याचं आयसर ही नावं डोक्यात असू द्या. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या शिष्यवृत्तीला, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, हे खास पालकांसाठी.

१५. रचना चॅनेलसारखी दिसते पण ते चॅनेल नाही, असं होतं का?

होतं, आणि गाजलेलं उदाहरण आहे. २००२ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या सीएलसी प्रथिनाची रचना क्लोराइड चॅनेल म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात आरपार मोकळं छिद्र दिसत नव्हतं, ते मिटलेलं असेल असं धरलं गेलं. २००४ मध्ये अकार्डी आणि मिलर यांनी प्रवाह मोजले तेव्हा कळलं की हे चॅनेलच नाही. दोन क्लोराइडच्या बदल्यात एक प्रोटॉन उलट दिशेने नेणारं ते अदलाबदल करणारं प्रथिन आहे. त्याच घराण्यातली आपल्या स्नायूंमधली सीएलसी-१ मात्र खरीखुरी चॅनेल, आणि दोघांचा सांगाडा जवळपास सारखा.

सीएफटीआर हे उलट टोक. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजारात बिघडणारं हे प्रथिन एटीपीवर (पेशीच्या ऊर्जेच्या चलनावर) चालणाऱ्या वाहक पंपांच्या घराण्यातलं. एटीपी बांधून घेतं, फोडतंही, पण ती ऊर्जा क्लोराइडला उताराविरुद्ध चढवायला वापरली जात नाही, फक्त उघडमिटीला लागते. म्हणून प्रश्न १ मधली व्याख्या ऊर्जा लागते की नाही यावर न बांधता आयन कोणत्या दिशेला जातात यावर बांधली आहे. परीक्षेत दोन्ही उदाहरणं लिहा. तपासणाऱ्याला त्यातलं एक बहुधा नवीन असेल.